जुनी पटरी, ओसाड गावठाणं आणि सुटलेले अवशेष शोधत मराठवाड्यात भटकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव आणि बीडच्या माळरानात, बालाघाटाच्या डोंगरात मी बरीच वर्षं पायी फिरतो आहे. वापरातून गेलेली, माणसांनी मागं सोडलेली बांधकामं शोधणं हा या फिरण्याचा हेतू. सोबत येऊ इच्छिणारे लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. यात बार्शी लाइट रेल्वेबद्दल सर्वांत जास्त आहे, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिच्यामागं गेला.

मराठवाड्यात शोधण्यासारखं आहे तरी काय? इथं ना घनदाट जंगल, ना समुद्र.

जंगल दाट नाही हे खरं, पण मोकळ्या माळावर जुनी खूण लांबूनही दिसते, हा इथला मोठा फायदा. बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेचे भराव आणि मोऱ्या, म्हणजे ओढ्यावरचे छोटे दगडी पूल, आहेत. निजामाच्या राज्याच्या हद्दीवरच्या खुणा आहेत. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की बुडालेल्या गावांची जोती उघडी पडतात. १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेली गावठाणं आहेत. कठडे ढासळलेल्या बारवा तर तालुक्यागणिक सापडतात. या प्रत्येक ठिकाणी वागण्याची रीत वेगळी आहे आणि बहुतेक प्रश्न त्याबद्दलच येतात.

बार्शी लाइट म्हणजे नेमकी कोणती रेल्वे?

दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची छोटी रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं ती उभी केली. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा १८९७ मध्ये सुरू झाला. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. दुसऱ्या बाजूनं पंढरपूर आणि पुढे १९२७ मध्ये मिरज गाठलं. १९५४ मध्ये ती सरकारनं ताब्यात घेतली, तोवर ती खाजगी कंपनीची होती.

कॅलथ्रॉपचं डोकं एका गोष्टीवर चाललं होतं: एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, हलका रूळ घातला की खर्च कमी होतो, आणि कमी खर्चात दुष्काळी मुलखातही रेल्वे परवडते. सुरुवातीचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे होते, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आजच्या ब्रॉडगेजचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो. एवढ्या नाजूक रुळांवरून लातूरच्या बाजारपेठेचा माल आणि पंढरीचे वारकरी शंभर वर्षं आले-गेले. मी लहानपणी या गाडीत बसलो आहे. घाटात ती इतकी हळू चालायची की पोरं उतरून सोबत पळायची आणि पुन्हा चढायची.

मग तिचा मार्ग ओसाड का पडला? त्याच जागी ब्रॉडगेज झाली ना?

सगळीकडे नाही, आणि भटक्यांसाठी महत्त्वाचं तेच आहे. जुनी लाइन धाराशिव शहरात जात नव्हती. बार्शीहून ती बालाघाट चढून थेट येडशीला यायची, आणि धाराशिवच्या माणसाला गाडी पकडायला वीसेक किलोमीटरवर येडशी गाठावी लागायची. रुंदीकरणात मार्ग वळवून धाराशिवला जोडला. लातूर ते धाराशिव ब्रॉडगेज २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये सुरू झाली. त्यामुळे बार्शी आणि येडशीच्या मधला घाटातला जुना रस्ता मागं राहिला. लातूरच्या बाजूला नवी लाइन बऱ्याच ठिकाणी जुनीच्या अंगाअंगानं जाते. तिथं सुटलेले वाकण आणि एकेकट्या मोऱ्या तेवढ्या सापडतात.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० टाक्या, प्रत्येकी ५० हजार लिटरच्या, आणि नंतर ५०-५० टाक्यांच्या गाड्या. मिरज ते लातूर हा मूळचा बार्शी लाइटचाच रस्ता. दुष्काळी मुलखाला परवडावी म्हणून आखलेल्या वाटेनं शेवटी पाणीच आणलं. त्या दिवसांत मी स्टेशनजवळच्या गर्दीत उभा होतो, आणि ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

जंगलात एखादं गंजलेलं इंजिन किंवा डबा सापडेल का?

नाही. ही आशा घरीच ठेवून या. रूळ, ते जोडणाऱ्या फिशप्लेटा, लोखंडी सिलिपाट, पुलांचे गर्डर, जे विकता येतं ते सगळं लाइन उखडताना निघून गेलं. आपल्याकडे लोखंड रानात पडून राहत नाही. उरतं ते उचलून नेता न येणारं: मातीचा भराव, डोंगर फोडून केलेलं कटिंग, घडीव दगडांच्या मोऱ्या, पुलांचे उघडे खांब, स्टेशनची पडकी खोली, पाण्याची विहीर. पहिल्यांदा आलेले लोक इथं हमखास हिरमुसतात. पण एखाद्या मोरीच्या कमानीखाली उभं राहून दगडाला दगड कसा बसवला आहे ते पाहिलं, की त्यातले निम्मे पुढच्या वेळीही येतात.

जुनी लाइन ओळखायची कशी? मला तर सगळा माळ सारखाच दिसतो.

यासाठी डोळ्यांआधी पाय वापरा. रेल्वेला शंभर पावलांत एखाद-दोन पावलांइतकाच चढ झेपतो. तुम्ही चालत असलेली वाट अचानक छातीवर आली, तर तुम्ही लाइन सोडली. जिथं धाप लागते तिथं रेल्वे नव्हती. मागं फिरा आणि शेवटची सपाट जागा शोधा.

दुसरी खूण वळणाची. बैलगाडीची वाट झाडाला, दगडाला, बांधाला वळसा घालत वेडीवाकडी जाते. रेल्वेचं वळण कंपासनं काढल्यासारखं, एका ओढीचं असतं. नॅरोगेजला ब्रॉडगेजपेक्षा आखूड वळण चालतं, म्हणून ही लाइन डोंगराच्या कडेला चिकटून, घळीत शिरून पुन्हा बाहेर येते. मोठे पूल टाळण्यासाठीच ती तशी आखलेली आहे. घळीच्या टोकाशी, जिथं ओढा सर्वांत अरुंद असतो, तिथं मोरी असणारच. आधी घळ पाहा, मग तिच्या तोंडाशी मोरी शोधा.

तिसरी खूण खड्ड्यांची. भराव घालायला माती लांबून आणत नसत, शेजारीच खणत. त्यामुळे भरावाच्या एका किंवा दोन्ही अंगांना उथळ चौकोनी खड्ड्यांची रांग दिसते. पावसाळ्यानंतर त्यांत पाणी साचतं आणि बेडूक ओरडतात. कधी लाइन डोळ्यांना दिसली नाही, पण बेडकांच्या आवाजाच्या रांगेवरून सापडली आहे.

चौथी खूण पायाखालची. काळ्या मातीच्या शेतात मधेच मुठीएवढ्या, कडा धारदार असलेल्या खडीचा पट्टा लागला, तर ती गिट्टी तिथं कुणीतरी टाकलेली आहे. काळी माती दगड पोटात घेते, पण नांगराबरोबर तो दरवर्षी पुन्हा वर येतो.

एवढं माहीत असूनही चुकतो. एकदा दोन तास मी एका सुंदर, सपाट, वळणदार वाटेवर चाललो आणि वहीत मापं लिहीत होतो. शेवटी शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या आजीनं विचारलं, "काय हुडकायलाव ओ?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ही तर पाझर तलावाची चारी हाय. पटरी तिकडं वर." पाण्याच्या चारीचा उतार रेल्वेपेक्षाही कमी असतो, हे तेव्हापासून लक्षात ठेवलं आहे.

नकाशे कुठून मिळवायचे?

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर मोफत मिळतात. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. उन्हाळ्यातलं चित्र निवडा. शेतं उघडी असतात, आणि बाभळींची एक बारीक वाकडी रांग शेतांच्या चौकोनांना न जुमानता गेलेली दिसते. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा काढला, तर रेल्वेच्या जमिनीचा लांब अरुंद पट्टा वेगळा दिसतो. मला हा शेवटचा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. जमिनीवरची खूण पुसली तरी तलाठ्याच्या नकाशातली सहजी पुसत नाही.

परवानगी लागते का?

ठिकाणावर आहे. येडशीजवळचं रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचं आहे आणि १९९७ मध्ये घोषित झालं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय फिरता येत नाही. रामलिंगाच्या मंदिराला भाविक रोज जातात, म्हणून लोकांना वाटतं की सगळं रान मोकळं आहे. मंदिराची वाट वेगळी आणि जंगलात शिरणं वेगळं. घाटाच्या बाजूला चालायचं असेल तर आधी वन विभागाच्या कार्यालयात जा, कुठून कुठवर चालणार ते सांगा, आणि ते सोबत माणूस देत असतील तर आनंदानं घ्या. वनरक्षकाला माहीत असलेल्या मोऱ्या कुठल्याच नकाशात नसतात.

चालू रेल्वेमार्गावर पाय ठेवायचा नाही. तो गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही आहे. बंद मार्गाची जमीनही बिनमालकाची नसते. ती रेल्वेची असते, आणि आजूबाजूची शेतं शेतकऱ्यांची. उभ्या पिकातून कधीही जाऊ नका. बांधावरून जातानाही शेतात माणूस असेल तर हाक मारून विचारा.

कोणत्या महिन्यात जावं?

रेल्वेसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. गवत वाळून बसलेलं असतं, मोऱ्या उघड्या पडतात, ऊन सोसतं, आणि वाटेत कुणी ना कुणी हुरड्याला बसवून घेतंच. ऑक्टोबरात रान सुंदर दिसतं, पण कमरेएवढ्या गवतात पुढची विहीरही दिसत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून एकेक पाय दोन-दोन किलोंचा होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो. तेव्हा फक्त पहाटे आणि फक्त धरणाच्या बाजूला, तेही सकाळी नऊच्या आत परत.

सोबत काय घ्यायचं?

माणशी चार लिटर पाणी. घाटात ओढा असेल या भरवशावर निघू नका, इथले ओढे दिवाळीनंतर आटायला लागतात. जाड तळाचे बूट, कारण वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा. मोजे गुडघ्यापर्यंतचे असले तर उत्तम, नाहीतर संध्याकाळी तासभर कुसळं काढत बसावं लागेल. खाजकुइलीच्या शेंगा ओळखायला शिका आणि त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. काठी, शिट्टी, मोजपट्टी, वही. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी: दोन दिवस टिकतं आणि चालताचालता खाता येतं.

जनावरांची भीती आहे का?

तरस, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर, काळवीट, मोर, वानरं, एवढे इथले जुने रहिवासी. बहुतेक जण तुमची चाहूल लागताच निघून जातात. रानडुकरीण पिलांसह असेल तर मात्र तिची वाट अडवू नका.

वाघाचं म्हणाल, तर २०२४ च्या डिसेंबरपर्यंत मी हसून नाही म्हणायचो. त्या महिन्यात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून येडशीच्या रानात आला आणि वन विभागाच्या कॅमेऱ्यात दिसला. त्याला पकडण्यासाठी पथकं आली. त्यामुळे आता माझं उत्तर असं: जाण्याच्या आदल्या दिवशी वन विभागाला फोन करून विचारा. त्यांची हेल्पलाइन १९२६ आहे. ते नको म्हणाले तर बेत रद्द करा.

खऱ्या अर्थानं अंगावर येतात ती धनगरांची कुत्री. मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच थांबा, मेंढपाळाला हाक मारा आणि त्यानं कुत्री आवरेपर्यंत हलू नका.

सर्वांत मोठा धोका कोणता?

विहिरी. लोकांना साप वाटतो, पण मला विहिरीची धास्ती जास्त आहे. पडक्या इमारतींजवळ, ओसाड गावठाणात, शेताच्या कडेला कठडा नसलेल्या विहिरी असतात आणि त्यांच्या तोंडावर घाणेरी आणि वेली माजलेल्या असतात. एका गावठाणात मी काठी टेकवत चाललो होतो आणि काठी कोपरापर्यंत आत गेली. पुढचं पाऊल टाकलं असतं तर हे लिहायला उरलो नसतो. झुडपांत शिरताना प्रत्येक पावलाआधी काठीनं जमीन ठोका. जोडीदार किमान दहा पावलं मागं ठेवा, दोघांनी एकदम पडण्यात अर्थ नाही.

दुसरा धोका आग्या मोहोळाचा. पुलांच्या कमानी आणि कटिंगच्या कपारी त्यांना फार आवडतात. मोरीखाली शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर थांबा, वर पाहा, कान द्या. अत्तर लावून येऊ नका, धूर करू नका, दगड मारू नका. माश्या उठल्याच तर तोंड झाका आणि लांब पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वरच घिरट्या घालत राहतात.

साप चावला तर चावलेला भाग हलू देऊ नका. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. १०८ ला फोन करून थेट उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावरचं औषध एकच असतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

गावातले लोक संशयानं पाहतात. काय करावं?

पाहणारच. मराठवाड्यात रात्री-अपरात्री ओसाड जागी खणणारे लोक गुप्तधनासाठीच येतात, हा गावांचा अनुभव आहे. गुप्तधनाच्या नादानं चांगल्या बारवा आणि मंदिरांची जोती उखडली गेली आहेत आणि माणसांचे जीवही गेले आहेत. पाठीला मोठ्या बॅगा लावलेले चार अनोळखी लोक पडक्या भिंतीपाशी मोजपट्टी धरून उभे दिसले, तर मीही संशय घेईन.

म्हणून आमचा नियम पक्का आहे. आधी गावात जायचं, पारावर किंवा हॉटेलात चहा घ्यायचा, कोण आहोत, कुठून आलो, काय पाहायचंय ते सांगायचं. पोलीस पाटलांची भेट झाली तर उत्तम. कुदळ, फावडं, धातू शोधणारं यंत्र यांतलं काहीही सोबत नसतं आणि बॅग उघडून दाखवायला हरकत नसते. अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. एवढं केलं की तीच माणसं सोबत येतात. सुरुवातीला "कुठनं आलाव?" असं करड्या आवाजात विचारणारे एक काका संध्याकाळी मला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचे वडील गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते. लाइनवर वापरायचा कंदील माळवदाच्या खुंटीला अजून टांगलेला होता.

सापडलेली वस्तू घरी आणली तर चालेल?

नाही. एक खिळाही नाही. रेल्वेची वस्तू बाळगली तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची जुनी वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. खिळा जिथं पडला आहे तिथं तो सांगतो की इथं रूळ होता. तुमच्या शोकेसमध्ये तो काहीच सांगत नाही. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, आणि जसा होता तसा ठेवा.

निजामाच्या हद्दीच्या खुणा अजून आहेत का?

बार्शी इंग्रजांची, येडशी-लातूर निजामाचं. म्हणजे ही छोटी रेल्वे दोन राज्यांत धावायची. निजामाची जकात म्हणजे करोडगिरी, आणि तिचे नाके हद्दीवर असत. पैसेही वेगळे: निजामाकडे हाली सिक्का, इंग्रजांकडे कलदार रुपया. 'करोडगिरी' हा शब्द सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढे काढा, वडिलांकडून ऐकलेल्या कापड आणि मीठ लपवून आणण्याच्या गोष्टी निघतात. नाक्यांच्या इमारती ओळखणं मात्र अवघड. त्यांच्या जागा गावातले म्हातारेच दाखवू शकतात.

याच लाइनवरच्या कसबे तडवळे इथं १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. तडवळ्याला गेलात तर त्या जागी आधी जा, मोऱ्या नंतर पाहता येतील.

१९४८ च्या कारवाईतलं काही सापडतं का?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरली, १७ ला सगळं संपलं. त्या वाटेवर काडतूस किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, ११२ वर पोलिसांना कळवा. ते शोधायला म्हणून जाऊ नका.

जायकवाडीत बुडालेली गावं पाहता येतात का?

पाणी खूप खाली गेलं तरच. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागराखाली शंभरावर गावांची जमीन गेली. दुष्काळी वर्षी मंदिरांचे चौथरे, घरांची जोती, विहिरींचे काठ वर येतात.

तिथं तीन गोष्टी सांभाळा. जलाशय हे पक्षी अभयारण्य आहे, म्हणून परवानगी हवी. दुसरं, गाळ. वरून भेगा पडलेला, विटेसारखा टणक दिसणारा गाळ आत ओला असतो आणि मांडीपर्यंत पाय ओढून घेतो. जिथं बैल किंवा ट्रॅक्टर गेल्याची खूण आहे तिथूनच चाला. तिसरं, ती जमीन रिकामी नसते. पाणी हटलं की शेतकरी गाळपेर करतात, कलिंगड, काकडी, भुईमूग लावतात. त्यातल्या अनेकांच्या आजोबांची शेतं त्याच पाण्याखाली गेलेली आहेत. तुम्ही ज्याला अवशेष म्हणता तो त्यांच्या घराचा उंबरा असतो, हे बोलताना विसरू नका.

जुन्या किल्लारीला जावं का?

जा, पण शोधमोहीम म्हणून नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, पण घरं मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची. थंडी-उन्हाला उत्तम असलेली तीच घरं अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गावं नव्या जागी वसवली आणि जुनी गावठाणं बाभळींना सोडली.

तिथं मी चप्पल काढून उभा राहतो, फोटो काढत नाही आणि सोबत कुणी असेल तर मोठ्यानं बोलू देत नाही. ढिगाऱ्यावर चढायचं नाही. स्मृतिस्तंभापाशी थांबायचं. गावातलं कुणी आपणहून बोललं तर ऐकायचं, आपण विचारायचं नाही. याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. पटत नसेल त्यानं माझ्याबरोबर येऊ नये.

विमानाचे अवशेष?

हा प्रश्न येतो तो १९९३ च्याच २६ एप्रिलच्या अपघातामुळे. औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) उडालेलं बोइंग ७३७ धावपट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं, मग विजेच्या तारांना लागून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण दगावले. ती जागा आमच्या भटकंतीत नाही आणि असणारही नाही. योगायोग असा की बार्शी लाइटच्या कॅलथ्रॉपनं पुढे आयुष्यातली बरीच वर्षं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्यात घालवली.

लहान मुलांना आणलं तर?

येडशी-रामलिंगच्या मंदिरापर्यंत जरूर आणा. जटायूची कथा सांगा, पावसाळ्यात धबधबा दाखवा. घाटातल्या मोऱ्यांसाठी बारा वर्षांपुढची मुलं ठीक.

पाहिलेल्या जागेचं नेमकं ठिकाण इंटरनेटवर टाकावं का?

रेल्वेच्या मोठ्या पुलांचं टाका, ते सगळ्यांना माहीतच आहेत. बारवा, एकाकी मूर्ती, शिलालेख यांचं टाकू नका. तालुक्याच्या नावापर्यंत थांबा. गुप्तधनवाल्यांच्या हाती नकाशा देण्याचं काम आपण करायचं नाही.

केवळ पाहून यायचं की काही नोंदही ठेवायची?

नोंद ठेवाच. प्रत्येक मोरीची रुंदी, उंची, कमान की सपाट छत, दगड कोणता, चुना कुठं निघाला आहे. आणि नावं. गँगमन मंडळींनी प्रत्येक वळणाला, कटिंगला, पुलाला आपापसात नाव दिलेलं असतं, आणि ते रेल्वेच्या कागदात नसतं. २००८ मध्ये साठीला निवृत्त झालेला माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. ज्या काकांच्या घरी कंदील पाहिला, त्यांच्या वडिलांनी मला चौदा मोऱ्यांची नावं सांगितली होती. मी अकरा लिहून घेतली, उरलेली पुढच्या वेळी लिहू म्हटलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते नव्हते. तुम्ही गेलात तर मोरीकडे जाण्याआधी गावात थांबा, वही आणि पेन घेऊन, आणि सगळी नावं त्याच दिवशी लिहून घ्या.